दीड एकर हरभरा आणि माझं फवारणीचं वेळापत्रक

शेतकीच्या कॉलेजातून पदवी घेऊन मी घरी आलो, तेव्हा आमच्या घरात किडींबद्दल माझ्याएवढं कोणालाच कळत नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. किडींचीही तशीच समजूत असावी असं मी धरून चाललो होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव दिंडोरीजवळ. घरची तीन एकर द्राक्षबाग आणि तिला लागून दीड एकराचा एक तुकडा. त्यात रब्बीला गहू, नाहीतर हरभरा.

बागेचा कारभार वडिलांकडे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादांची फवारणी कॅलेंडरावर चालायची, म्हणजे अक्षरशः. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कॅलेंडरात आईने लिहिलेले दुधाचे आकडे असायचे, गॅस कधी लावला ते असायचं आणि मधूनमधून दादांनी पेन्सिलीने काढलेले 'फ' असायचे. फ म्हणजे फवारणी. संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदय आणि फ शेजारी शेजारी बसलेले असत. बागेत रोग आहे की नाही हे बघायच्या भानगडीत दादा पडत नसत. आज तारीख काय, एवढंच विचारत. बागेची फवारणी झाली आणि टाकीत औषध उरलं, की ते शेजारच्या हरभऱ्यावर जायचं. "त्यालाबी जरा," असं म्हणत ते मारायचे. पाहुण्यांच्या ड्रायव्हरला आपण बाहेर चहा पाठवतो ना, तसं.

हे मला बघवेना. मी शिकून आलो होतो की फवारणीची वेळ तारखेवरून नाही, किडीवरून ठरवायची असते. हरभऱ्याची मुख्य वैरीण म्हणजे घाटेअळी. घाट्याला, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेला भोक पाडून, तोंड आत खुपसून दाणा खाते. रोज शेतात जाऊन मोजायचं. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की मगच पंप काढायचा, आणि तोही शक्यतो विषाचा नाही. एका सकाळी दादा फवारणीला जायचे बूट चढवत होते, तेव्हा मी म्हणालो, "दादा, आपण किडीला विचारून फवारलं पाहिजे."

"विचार," दादा म्हणाले. "काय म्हनती ते मला सांग."

त्याच आठवड्यात मामा आले. मामा सातपूरला एका कारखान्यात फोरमन होते. संक्रांतीनंतर त्यांच्या खात्यात एक जागा निघणार होती आणि ती त्यांनी माझ्यासाठी मनातल्या मनात भरूनही टाकली होती. "पाठवा दाजी ह्याला. तीन महिन्यांत मशीन शिकेल," ते म्हणाले. सायकलची चेन बसवताना माझी दोन बोटं हमखास तिच्यात बसतात. त्या कारखान्यात मी किती दिवस अखंड राहिलो असतो, सांगता येत नाही. शिवाय मला शेतीच करायची होती. हे मी घरात कोणाला बोललो नव्हतो, कारण तेव्हा शिकलेल्या मुलाने असं म्हटलं की लोक त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायचे.

पण त्या दिवशी बोललो. दादांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि निकाल दिला. "यंदाचा हरभरा तुझा. मी हात लावायचा नाय, बांधावरून वाकूनबी बघायचा नाय. तुझ्या पद्धतीनं, बिनविषाचा साधला, तर पुढच्या साली बागेतबी तुझं ऐकीन. नाय साधला, तर डबा घे आन् मामाबरोबर जा."

"मी संक्रांतीनंतर येतो उत्तर न्यायला," मामा म्हणाले. आई भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही, पण सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी दिंडोरीहून कार्डशीट आणलं आणि स्केचपेनांनी वेळापत्रक आखलं. उभे रकाने पिकाच्या वाढीचे, आडवे रकाने किडीचे. हिरवा रंग म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे मोजा, लाल म्हणजे फवारा. ते कॅलेंडराशेजारी चिकटवलं. दादांनी चष्मा लावून पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"अळीला ह्यातलं काय कळतं?"

"तिला कळायची गरज नाही."

"मंग तुमचं दोघांचं जमंल," दादा म्हणाले.

फुलोरा सरून घाटे धरू लागले तसे मी शेतात कामगंध सापळे लावले. हा सापळा म्हणजे काठीला बांधलेली प्लॅस्टिकची टोपी आणि तिच्याखाली लोंबणारी लांब पिशवी. टोपीत रबराची एक बारकी गोळी अडकवायची. तिला मादी पतंगाचा वास असतो. त्या वासाला भुलून नर येतात आणि पिशवीत पडतात. रोज सकाळी पिशवीतले नर मोजायचे. सलग दोन-तीन दिवस आठ-दहा सापडले, की समजायचं अळीची पलटण वाटेवर आहे.

पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. पाच दिवस झाले तरी पिशव्या कोऱ्या. मी वेळापत्रकात पाच चौकोन हिरवे रंगवले आणि जेवताना जाहीर केलं, की यंदा आपल्या शिवारात घाटेअळी नाही. आई मात्र म्हणाली, "मग तुझ्या सदऱ्यावर ही पाखरं कसली बसतात रे रोज?"

ओसरीतल्या खुंटीला माझा शर्ट टांगलेला होता. त्याच्याभोवती मळकट पिवळ्या रंगाचे पतंग भिरभिरत होते. काही खिशावर बसून पंख थरथरवत होते. दादांनी टॉर्च आणला, खिशावर मारला आणि एकेक बोट मिटत मोजले.

"अकरा. शेतात किती म्हनला?"

"शून्य."

"मंग फवारणी सदऱ्यावर घ्यायची का?"

झालं होतं असं. गोळ्यांची पाकिटं आणली त्या दिवशी आईला दाखवायला म्हणून मी एक फोडलं होतं आणि ती गोळी खिशात टाकून विसरलो होतो. पण मग शेतातल्या गोळ्यांना काय झालं? सकाळी उठून पळत गेलो. सापळ्यांच्या टोप्यांमध्ये गोळ्या नीट अडकवलेल्या होत्या. पाकिटासकट. पाकीट पारदर्शक होतं, आतली गोळी स्वच्छ दिसत होती, म्हणून सापळ्यात लावतानाही ते फोडायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे बाईचं पत्र आलं आहे, ते मी न फोडता काठीला बांधून ठेवलंय, आणि वर तक्रार करतोय की कोणी फिरकत का नाही.

पाकिटं फोडली. दुसऱ्या दिवशी पिशव्यांमध्ये पतंग इतके होते, की मी दहाच्या पुढे मोजलेच नाहीत. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. चार दिवसांत शेंड्यांवर दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या कोवळ्या अळ्या दिसायला लागल्या. मीटरभर ओळीत तीन. वेळापत्रक लाल झालं.

त्यासाठी माझी तयारी होती. नाशिकहून मी विषाणूची बाटली आणून ठेवली होती. ह्या विषाणूने फक्त घाटेअळीला रोग होतो, बाकी कोणाला काही होत नाही. तो तयारही आजारी पाडलेल्या अळ्यांपासूनच करतात. हे मी दादांना फार उत्साहाने समजावून सांगितलं.

"म्हंजे मेलेल्या अळ्यांचं पाणी जित्या अळ्यांना पाजायचं."

"हो."

"आन् मंग?"

"मग त्या आजारी पडतात."

"कवा?"

"चार-पाच दिवसांनी."

"तवर काय करतात?"

"तोवर... खातात," मी म्हणालो.

दादांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. मध्ये पडायचं नाही असं ठरलं होतं म्हणून ते पुढे बोलले नाहीत, पण त्यांची टोपी बरंच बोलली.

विषाणू उन्हात टिकत नाही, म्हणून त्याची फवारणी ऊन उतरल्यावर करायची आणि उन्हापासून आडोसा म्हणून द्रावणात कपड्यांना घालायची नीळ मिसळायची, हे मला पाठ होतं. नीळ किती, हे पाठ नव्हतं. कमी पडू नये म्हणून मी आईची अख्खी पुडी घेतली. पंप थोडा गळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हरभऱ्यावर निळसर झाक होती आणि माझी पाठ, दोन्ही कान आणि एक हात पूर्ण निळे होते. बांधावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "हरभरा धुतला का रं?" घरात आईने दादांच्या टोप्या त्या आठवड्यात नुसत्याच साबणाने धुतल्या. पिवळसर टोपी घालून दादा बाजारात गेले आणि कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला म्हणाले, "आमची नीळ पिकाला लागती."

मग वाट बघणं सुरू झालं. हे वेळापत्रकात नव्हतं. म्हणजे 'चार ते पाच दिवस प्रतीक्षा' असं मी सुबक अक्षरात लिहिलं होतं, पण त्या चार दिवसांत माणसाने स्वतःचं काय करायचं ते लिहिलं नव्हतं. सोमवारी अळ्या खात होत्या. मंगळवारी त्या जाड होऊन खात होत्या. मी मांडी घालून एकीसमोर बसलो. ती घाट्यात डोकं घालून निवांत जेवत होती आणि तिच्या तब्येतीत मला कसलाही बिघाड दिसेना. आजारी माणूस इतका जेवत नाही. संक्रांत होऊन गेली होती आणि मामा शनिवारी येणार होते, त्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारीच असायची. शनिवारपर्यंत हरभऱ्यात नुसत्या भोकं पडलेल्या टरफलांची रांग उरणार आणि मी डबा घेऊन बसमध्ये बसणार, हे मला लख्ख दिसायला लागलं.

बुधवारी पहाटे मी गुपचूप उठलो. दादांच्या कपाटातून द्राक्षाचं कडक औषध घेतलं, पाठीवरचा पंप घेतला आणि घरातून दिसू नये म्हणून नाल्याकडच्या टोकापासून सुरुवात केली. विषाशिवाय शेती करता येते हे सिद्ध करण्यासाठी मी विष मारत होतो, हे मला तेव्हा अजिबात विचित्र वाटलं नाही. साधारण मध्यापर्यंत आलो तेव्हा उजाडलं आणि घराच्या बाजूला बंबाचा धूर निघाला. तिथेच थांबलो. बाटली जागेवर ठेवली, हात तीनदा धुतले आणि दादांच्या तोंडासमोर राहायला नको म्हणून काहीतरी कारण काढून दिवसभरासाठी दिंडोरीला गेलो.

गुरुवारी नाल्याकडच्या अर्ध्यात अळ्या जमिनीवर पडलेल्या होत्या. त्यात नवल नव्हतं, ते पाप माझंच. पण चालत चालत घराकडच्या अर्ध्यात आलो, जिथे मी विषाचा थेंब मारला नव्हता, तर तिथेही अळ्या मरून पडलेल्या. मी तिथेच उड्या मारल्या; एकटाच होतो म्हणून बरं, नाहीतर लोकांनी वेडा समजून धरून नेलं असतं. विषाणूने काम केलं होतं. एक दिवस कळ काढली असती तर अख्खं शेत माझ्या वेळापत्रकाने जिंकलं असतं, आणि अर्धं मी स्वतःच्या हाताने नासवलं होतं. आनंद आणि लाज ह्यांच्या मधोमध उभा राहून मी घरी आलो.

दादाही कुठूनतरी येत होते. त्यांच्या बुटांना ओली माती होती आणि चेहरा असा होता, की मी तसा तो आधी पाहिला नव्हता.

"नाल्यापतुर जाऊन आलो," ते म्हणाले. "मेल्या रं सगळ्या. तुझं ते पाणी लागू पडलं."

वाकूनही बघणार नव्हतात ना, असं विचारायची संधी होती, पण विचारण्याच्या स्थितीत मी नव्हतो. "हो, पडतंच ते," एवढंच म्हणालो.

त्या दिवसापासून दादा बदलले. चहाच्या टपरीवर त्यांनी विषाणूवर व्याख्यान दिलं. आणि शुक्रवारी मला न विचारता त्यांनी मामांना निरोप धाडला, की उद्या येताना मामींनाही घेऊन या, पोराच्या शेतात हुळा करू. हुळा म्हणजे हरभऱ्याचे डहाळे उपटून तिथेच काड्यांच्या जाळावर भाजायचे आणि गरम घाटे हातावर चोळून खायचे. "बिनऔषधाचा हरभरा खायला या म्हनावं," असा निरोप होता. रात्रभर एकच हिशोब केला: पाहुण्यांना घराकडच्या अर्ध्यात बसवायचं, नाल्याकडे कोणाला फिरकू द्यायचं नाही.

शनिवारी मामा-मामी आले. मामांनी काड्यांची पेंढी उचलली. आईने टोपलीत मीठ, मिरची, पाण्याचा तांब्या घेतला. शेताच्या कडेला येताच दादा म्हणाले, "नाल्याकडं चला. तिकडं सावली हे."

"इथेच बसू की," मी म्हणालो. "मामींना कशाला तिकडे चालवता?"

"त्या फाट्यापासून चालतच आल्यात."

"म्हणूनच. दमल्या असतील."

"मी नाही दमले," मामी म्हणाल्या.

"नाल्याकडं हवा चांगली लागती," दादा म्हणाले.

"नाल्याकडे डास आहेत."

"जानेवारीत?"

मामा पेंढी खांद्यावर घेऊन कधी ह्या बाजूला, कधी त्या बाजूला दोन पावलं टाकत होते. मामींनी कंटाळून तिथेच वाकून एक डहाळा उपटला. दादांनी झेप घेऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला. नणंदेच्या नवऱ्याने असं करावं हे मामींना नवीन होतं.

"ते कोवळं हे अजून," दादा म्हणाले.

तेवढ्यात मामा नाल्याच्या दिशेने बरेच पुढे गेले आणि त्यांनी एक डहाळा उपटला. मी धावत जाऊन तो हिसकावला. "हे निबर झालंय, मामा."

आईने टोपली खाली ठेवली. "हे कोवळं आणि ते निबर," ती म्हणाली. "एकाच दिवशी पेरलेलं. आता कोणी काय मारलंय ते सांगा, म्हणजे माणसं काय खायचं ते बघतील."

मामा माझ्याकडे बघत होते. गप्प राहिलो असतो तर सातपूर टळलं असतं, फक्त मामा-मामींनी विषाचे घाटे खाल्ले असते. मी म्हणालो, "नाल्याकडचा अर्धा मी फवारलाय. बुधवारी पहाटे. दादांचं द्राक्षाचं औषध. माझा धीर सुटला."

आता दादा काय करतील म्हणून मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. हात खाली गेले. दादा ढेकळावर बसले.

"आन् घराकडचा मी," ते म्हणाले. "बुधवारीच. तू दिंडोरीला गेलास तवा बागेत फवारणी चालूच होती. पाइप जेवढा पुरला तेवढा मारला. मला बघवंना रं ते खानं."

"मग नाल्याकडच्या मेल्या ते बघून तुम्ही..."

"मला वाटलं तुझ्या पाण्यानं मेल्या."

"मला वाटलं घराकडच्या."

मामांनी पेंढी खाली टाकली आणि ते तिच्यावरच बसले. त्यांना हसण्याने बोलता येईना. "दाजी," ते कसेबसे म्हणाले, "तुम्ही दोघं एकमेकांच्या विषावर खूश होऊन मला जेवायला बोलावलं."

आई हसत नव्हती. तिने दादांना विचारलं, "पाइप कुठवर पुरला?" दादांनी हात केला. मला विचारलं, "तुझा पंप कुठे थांबला?" मी दाखवलं. दोघांच्या बोटांमध्ये सातआठ ओळींचा पट्टा उरत होता. आई पदर खोचून त्यात शिरली, चार झाडं वाकवून पाहिली आणि म्हणाली, "ह्या अशा उलट्या का टांगल्यात?"

आम्ही सगळे गेलो. शेंड्यांवर अळ्या मागच्या पायांनी लटकत होत्या, डोकं खाली, अंग काळं पडून पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लुळं. विषाणूने मेलेली अळी अशीच दिसते. मी ती आजवर पुस्तकातल्या चित्रातच पाहिली होती. दादा गुडघ्यावर बसले. एका अळीला त्यांनी काडीने हळूच शिवलं.

"हे कशानं?"

"त्या पाण्यानं."

"आन् बाकीचं शेत?"

"बाकीचं आपल्या दोघांच्या घाईनं."

त्या ओळींचा हुळा करायची माझी फार इच्छा होती, पण आईने करू दिला नाही. दोन्ही बाजूंनी विष उडालं, वारा काय मध्ये थांबला असेल का, असं तिचं म्हणणं. घरी येऊन सगळ्यांनी भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. निघायच्या वेळी मामा म्हणाले, "मग दाजी, त्या जागेचं काय? मला सोमवारी सांगायचंय."

दादा शेंग फोडत राहिले. "साधलं असं म्हनता येत नाय," ते म्हणाले. "फसलं असंबी कसं म्हनू."

"हात लावणार नाही असं कोण म्हणालं होतं?" आईने विचारलं. "आणि विष मारणार नाही असं कोण? दोन जागा असतील तर ने दोघांना."

"दाजींना मशीनवर ठेवलं तर ते तारीख बघून तेल घालतील," मामा म्हणाले. "आणि हा पाकिटासकट घालेल." पाकिटाचं आईने त्यांना सांगितलेलं दिसत होतं.

मामा एकटेच परत गेले. ती जागा कोणाला मिळाली ते मी कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी आईने औषधांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ज्याला हरभरा फवारायचा असेल त्याने आधी मीटरभर ओळीत किती अळ्या आहेत ते तिला येऊन सांगायचं. तिला पटलं तर किल्ली मिळेल. कॉलेजात चार वर्षं मला जे शिकवलं त्यात ही एक गोष्ट राहून गेली होती. अळी कधी मोजायची ते सगळं होतं, पण मोजून झाल्यावर पंप कोणाच्या हाती लागू द्यायचा नाही, ते नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा हरभरा होता. फुलोऱ्यात एका सकाळी दादा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"दोन दिसल्या," ते म्हणाले.

"किती लांबीत?" आईने विचारलं.

"मीटरभरात."

"मीटर मोजला, की पावलानं?"

दादांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढला, मला हाक मारली आणि आम्ही दोघं परत शेतात गेलो. पहिल्या ओळीत एकच निघाली. दुसऱ्या ओळीत एकही नाही. दादांनी टेप गुंडाळला आणि ते किल्ली न मागता बागेकडे निघून गेले.